पोळी सुटली, तिच्यासोबत प्रोटीनही गेलं

वाचकांचे प्रश्न

लो-कार्ब आहारात प्रोटीन मोजावं की नाही, या एकाच विषयावरची निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : वय ४६, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो. मधुमेह नाही. दीड महिन्यापासून पोळी-भात जवळजवळ बंद करून दिवसाचे कार्ब ८० ग्रॅमच्या आत ठेवले आहेत. वजन साडेतीन किलो उतरलं, पण जिना चढताना मांड्या भरून येतात, केसही गळताहेत. अंडी-चिकन खाते, पण रोज नाही. एक मैत्रीण म्हणते, कार्ब कमी आहेत ना, मग बाकी काही मोजू नकोस. दुसरी म्हणते, प्रोटीन जास्त झालं तर त्याचीही साखरच होते. मोजू की नको?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मोजा. पण पंधरा दिवसच मोजा, आणि जास्त होतंय का हे बघायला नव्हे, कमी पडतंय का हे बघायला.

पोळी म्हणजे कार्ब, असा आपला हिशोब असतो. पण ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ३ ग्रॅम प्रोटीनही असतं. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ५ ग्रॅम. दिवसाला सहा पोळ्या आणि वाटीभर भात खाणाऱ्या बाईला वीस-बावीस ग्रॅम प्रोटीन धान्यातूनच मिळत असतं. ती पोळी बंद झाली आणि ताटात तिच्या जागी काकडी, कोबीची भाजी आणि थोडं जास्त तूप आलं, तर कार्बसोबत प्रोटीनही उतरतं. वजनकाटा खाली जातो म्हणून कुणाला शंका येत नाही. त्या साडेतीन किलोत चरबीबरोबर बरंच पाणी असतं, आणि प्रोटीन तोकडं असेल तर थोडा स्नायूही गेलेला असतो.

तुमचं लक्ष्य काढू. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि २२ ने गुणा : १.५८ × १.५८ × २२, म्हणजे ५५ किलो. हिशोब या वजनावर करायचा, ७४ वर नाही, कारण वाढीव चरबीला तेवढं प्रोटीन लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ४६ ग्रॅम. पण ती वजन स्थिर असलेल्या निरोगी माणसासाठी. वजन उतरवताना शरीर स्नायूलाही हात घालतं, म्हणून किलोमागे १.२ ते १.५ धरा. तुमच्यासाठी ६६ ते ८२ ग्रॅम. यातला ६६ चा आकडा महत्त्वाचा. एखाद्या दिवशी ९० झाले तर काही बिघडत नाही, पण आठवड्यातले पाच दिवस ४० वर अडकलात तर बिघडतं.

आता मोजायचं कसं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, शून्यावर आणायचं बटण असलेला साधा डिजिटल काटा पुरतो. तो बरोबर आहे का हे बघायला अर्ध्या लिटर दुधाची न फोडलेली पिशवी ठेवा. ५१५ ते ५२० ग्रॅम दिसायला हवं. ४९० दिसलं तर आधी सेल बदला.

वजन कच्च्याचं करा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कच्चं बोनलेस चिकन १०० ग्रॅम असेल तर शिजून ७०-७५ ग्रॅम उरतं. जातं ते पाणी, प्रोटीन तिथेच राहतं : साधारण २२ ग्रॅम. मोबाइलच्या ॲपमध्ये ‘शिजवलेलं चिकन, १०० ग्रॅम, प्रोटीन ३१’ अशी नोंद सापडते. वजन कच्च्याचं आणि नोंद शिजवलेल्याची निवडली, की प्रत्येक वेळी दहा ग्रॅम हवेत वाढतात. याहून मोठी चूक म्हणजे ‘मला ७० ग्रॅम प्रोटीन हवं’ म्हणून ७० ग्रॅम चिकन खाणं. त्यात प्रोटीन १५ ग्रॅमच असतं. वाचून हसू येईल, पण ही चूक सर्रास होते.

घरात सगळ्यांचा रस्सा एकाच कढईत होतो, तेव्हा स्वतःचं कसं मोजायचं? एक किलो कातडी काढलेल्या, हाडासकट चिकनमधून सुमारे ६५० ग्रॅम मांस निघतं. म्हणजे कढईत १३० ग्रॅम प्रोटीन आहे. रिकाम्या कढईचं वजन आधीच करून ओट्याजवळ लिहून ठेवा (हे कायम विसरतं, आणि मग भरल्या कढईचा आकडा निरुपयोगी होतो). रस्सा तयार झाल्यावर पुन्हा वजन करा, कढईचं वजा करा. समजा १६०० ग्रॅम आला आणि तुम्ही ४०० घेतलात, तर चौथा हिस्सा म्हणजे ३२ ग्रॅम प्रोटीन. वाढताना नुसता रस घेतला आणि फोडी मुलांना गेल्या, तर अर्थातच हा हिशोब लागू नाही.

पंधरा दिवसांत लक्षात येईल की घरात फिरून फिरून पंधरा-वीसच पदार्थ होतात. त्यांचे आकडे पाठ झाले की काटा कपाटात ठेवा. पुढे तुमच्या तळहाताएवढी आणि तेवढीच जाड कच्च्या मांसाची फोड म्हणजे २० ते २५ ग्रॅम, एक अंडं म्हणजे ६, एवढ्यावर भागतं. वजन पाच-सहा किलो उतरलं किंवा ताटात मोठा बदल झाला, की पुन्हा चार दिवस काटा काढा.

केसांचं सगळं खापर प्रोटीनवर फोडू नका. झपाट्याने वजन उतरल्यावर केस गळतात, पण ते सहसा दोन-तीन महिन्यांनी. दीड महिन्यातच सुरू झालं असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड) तपासून घ्या. साखरेबद्दलच्या दुसऱ्या मैत्रिणीच्या शंकेचं उत्तर पुढे आहे.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. दोन्ही वेळा वाटीभर वरण आणि एकदा मोड आलेल्या मटकीची उसळ असते. एवढं पुरेसं नाही का? डाळीत तर २२ टक्के प्रोटीन असतं म्हणतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : २२ टक्के असतं, पण कोरड्या डाळीत. तुमच्या वाटीत कोरडी डाळ किती, हा खरा प्रश्न आहे. एकदा १०० ग्रॅम तूरडाळ मोजून शिजवा, नेहमीसारखं घोटून पाणी घाला आणि वाटीने मोजा. १५० मिलीच्या साधारण साडेतीन वाट्या वरण होतं. म्हणजे वाटीत ३० ग्रॅम डाळ : प्रोटीन साडेसहा ग्रॅम आणि कार्ब सोळा-सतरा. भातावर घ्यायची पातळ आमटी असेल तर प्रोटीन तीन-चार ग्रॅम. वाटीभर मटकीच्या उसळीत ३५ ग्रॅम कोरडी मटकी धरली तर ७ ग्रॅम प्रोटीन, १८ ग्रॅम कार्ब. मोड आल्यावर मटकी फुगून वजनाला दुपटीहून जास्त होते, म्हणून मोडांचं वजन करून त्याला कोरड्या मटकीचा आकडा लावू नका. फुगवटा पाण्याचा असतो.

तुमची बेरीज वीस ग्रॅम प्रोटीन आणि पन्नास ग्रॅम कार्ब अशी होते. ६६ ग्रॅम प्रोटीन नुसत्या वरणातून काढायचं तर दहा वाट्या लागतील, त्यात १६५ ग्रॅम कार्ब येतील, आणि मग लो-कार्ब कसलं? मांसाहारी माणसाने प्रोटीन न मोजून एक वेळ चालतं, शाकाहाऱ्याने मात्र मोजायलाच हवं, ते यासाठी. आपल्याकडे डाळ प्रोटीनच्या खात्यात लिहिली जाते. तिचं वजन कार्बच्या खात्यात जास्त आहे. तिला दोन्हीकडे लिहा.

८० ग्रॅम कार्बच्या आत बसणारा एक दिवस असा मांडता येतो. सकाळी ८० ग्रॅम पनीरची भुर्जी (१४ ग्रॅम प्रोटीन). दुपारी ३० ग्रॅम कोरड्या सोया चंक्सची भाजी (१५), वाटीभर घट्ट वरण (साडेसहा) आणि वाटीभर दही (५). संध्याकाळी मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे (६). रात्री ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून केलेली धिरडी (साडेनऊ) आणि १०० ग्रॅम चक्का, मीठ-जिरं घालून (साडेसात). एकूण ६३-६४ ग्रॅम. भाज्या धरून कार्ब ८० च्या आसपास राहतात. यात पोळीला जागा नाही. पोळी हवीच असेल तर धिरडी किंवा वरण, दोन्हीपैकी एक सोडावं लागेल.

चक्क्याकडे लोक फक्त श्रीखंडाच्या निमित्ताने बघतात, याचं वाईट वाटतं. दही फडक्यात बांधून रात्रभर टांगलं की पाण्यासोबत दुधातली बरीच साखर निथळून जाते आणि प्रोटीन वर राहतं. शंभर ग्रॅम दह्यात ते ३ ग्रॅम, चक्क्यात दुपटीहून जास्त. उलट पातळ ताकाच्या पेल्यात जेमतेम एक-दीड ग्रॅम. ताक जरूर प्या, फक्त हिशोबात धरू नका.

सोया चंक्सची तक्रार ठरलेली : वास येतो, पोट फुगतं. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटं ठेवा, पाणी टाकून द्या, दोनदा थंड पाण्याने घट्ट पिळा. वास बराचसा त्या पाण्यातच जातो. सुरुवात १५ ग्रॅमने करा. ३० ग्रॅम कोरडे चंक्स भिजून वाडगाभर होतात, तेव्हा इथेही वजन कोरड्याचंच करा.

आणखी एक गोष्ट आकड्यात दिसत नाही. डाळीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं, धान्यात लायसिन. वरण-भात, पिठलं-भाकरी या जोड्या एकमेकांची उणीव भरतात. भाकरी गेली की ती भरपाईही जाते. दूध, दही, पनीर यांनी ती बरीच होते आणि तिळात मेथिओनिन चांगलं असतं, म्हणून डाळ-उसळीसोबत तिळाची चटणी ठेवा. बाजारचं पनीर घेताना एक तुकडा गरम पाण्यात ठेवून, गार करून त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. ते पनीर प्रोटीनच्याही कामाचं नाही आणि लो-कार्बच्याही.

प्रश्न : टाइप २ मधुमेह आहे. रात्री फक्त अंडी आणि पनीर खातो, तरी सकाळी उपाशीपोटी साखर १४० च्या पुढे येते. प्रोटीनची साखर होते, ती हीच का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : यकृत अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवतं हे खरं. पण ते मुख्यतः गरजेप्रमाणे आणि इन्सुलिन-ग्लुकागॉन या हार्मोन्सच्या हुकमाने बनतं, तुम्ही चार अंडी खाल्लीत म्हणून चार अंड्यांएवढी साखर रक्तात येत नाही. टाइप २ मध्ये ४०-५० ग्रॅम प्रोटीनच्या जेवणाने रक्तातली साखर फारशी हलत नाही. टाइप १ मध्ये, इन्सुलिन घेणाऱ्यांत, गोष्ट वेगळी : भरपूर प्रोटीनच्या जेवणानंतर तीन ते पाच तासांनी साखर हळूहळू चढते आणि त्यासाठी डोसची आखणी डॉक्टरांसोबत करावी लागते.

तुमची सकाळची साखर बहुधा पहाटेच्या हार्मोन्सची आहे. कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन पहाटे वाढतात, यकृत साठ्यातली साखर सोडतं. खात्री करायची तर सलग तीन दिवस रात्री झोपताना, पहाटे ३ वाजता आणि सकाळी उठल्या उठल्या ग्लुकोमीटरवर नोंद घ्या. ३ वाजता ठीक आणि ७ वाजता चढलेली असेल तर पनीर निर्दोष आहे. झोपतानाच चढलेली असेल तर जेवणाची वेळ आणि त्यातले लपलेले कार्ब बघा. ३ वाजता ७० च्या खाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण कार्ब कमी केल्यावर ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा किंवा इन्सुलिनचा जुना डोस जास्त ठरतो.

गोळ्यांच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन लिहिलं आहे का, हेही आजच बघा. या गोळ्या चालू असताना कार्ब फार कमी केले तर कीटोॲसिडोसिस (रक्तात कीटोन साठून ते आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, पोटात दुखणं, धाप लागणं असं झालं तर ‘मीटरवर १८० च तर आहे’ म्हणून घरी बसू नका, रुग्णालय गाठा. गोळी मनाने बंदही करू नका. आहार बदलतोय हे डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न : क्रिएटिनिन १.४ आहे, वय ५८, पुरुष. जिममध्ये किलोमागे २ ग्रॅम प्रोटीन घ्यायला सांगितलं आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. या वयाच्या पुरुषात १.४ म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, ईजीएफआर, साधारण ५८ येते. ६० च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तर तो मूत्रपिंडाचा दीर्घ आजार धरतात, आणि अशा रुग्णांना प्रोटीन किलोमागे ०.८ च्या आसपास ठेवायला सांगतात. तपासणीच्या आदल्या रात्री मटणाचा बेत असेल किंवा क्रिएटिनची पावडर चालू असेल तर क्रिएटिनिन थोडं फुगून येतं. म्हणून दोन्ही टाळून पुन्हा तपासा, सोबत लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची चाचणी करा आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन मूत्रविकारतज्ज्ञांना भेटा. तोवर लक्ष्य वाढवू नका. मोजणं तुम्हालाही आवश्यक आहे, पण तुमच्यासाठी लक्ष्याचा आकडा ही वरची मर्यादा आहे. (डायलिसिस सुरू झालेल्यांची गरज उलट वाढते. त्यांनी हे उत्तर स्वतःला लावू नये.)

प्रश्न : तीन आठवडे फक्त उकडलेलं चिकन ब्रेस्ट, अंड्याचं पांढरं आणि काकडी खातो आहे. तेल-तूप बंद. प्रोटीन १६० ग्रॅम होतं. मळमळतं, पोट साफ होत नाही, रात्री भूक लागते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : कार्ब काढलेत, चरबीही काढलीत. मग ऊर्जा येणार कुठून? नुसत्या प्रोटीनवर माणूस चालत नाही. ध्रुवप्रदेशात फिरलेले व्हिल्यालमर स्टेफानसन यांच्यावर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात वर्षभराच्या मांसाहाराचा प्रयोग झाला. सुरुवातीला त्यांना नुसतं चरबीविरहित मांस दिलं, तेव्हा दोन-तीन दिवसांत मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी दिल्यावर ते सावरले.

अंडं बलकासकट खा. चिकनची तंगडी चालेल. फोडणीला तेल घाला. प्रोटीन १०० ते ११० वर आणा, त्यापुढे फारसा फायदा नाही. मेथी, पालक, दोडका, गवार अशी भाजी दोन्ही जेवणांत दोन-दोन वाट्या हवी. काकडीच्या भरवशावर पोट साफ होत नाही. कार्ब कमी केल्यावर पहिले काही आठवडे शरीर मीठ आणि पाणी जास्त सोडतं. रक्तदाब नसेल तर दिवसातून एकदा मीठ घातलेलं ताक किंवा चिकनचं पातळ सूप घ्या.

प्रश्न : आम्ही मासे खाणारे. बांगडा, कोळंबी, टिसऱ्या यांचं वजन काट्यासकट धरायचं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : खाल्लं जातं तेवढंच धरा. डोकं, पोट, काटा गेल्यावर २०० ग्रॅमच्या बांगड्यातून ११० ते १२० ग्रॅम मांस निघतं, म्हणजे २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. एक मध्यम बांगडा म्हणजे एका जेवणाचा वाटा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कोळंबी सोलून मग तोला. सोललेल्या १०० ग्रॅममध्ये १९-२०. टिसऱ्यांचं सगळं वजन शिंपल्यांत असतं, टोपलीभर आणल्या तरी हाती मूठभर मांस येतं. त्यांना चवीपुरतं धरा. सुका जवळा उलटा : १० ग्रॅममध्येच सुमारे ६ ग्रॅम प्रोटीन, पण मीठही तसंच. रक्तदाब असलेल्यांनी जपून. रव्यात घोळून तळलेल्या तुकडीला दहा ग्रॅम रवा लागतो, त्याचे सात ग्रॅम कार्ब लिहायला विसरू नका.

प्रश्न : आई ७१ वर्षांची, वजन ४८ किलो, उंची १५० सेंमी. साखर सीमेवर आहे म्हणून घरात सगळ्यांबरोबर तिचेही कार्ब कमी केले. आता ती फारच थोडं खाते. दातांचा त्रास आहे. तिचं प्रोटीन कसं मोजू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्यांची भाकरी आधी परत द्या. ४८ किलोच्या वृद्ध बाईचं वजन उतरवायचं नाही. या वयात स्नायू गमावणं हा सीमेवरच्या साखरेपेक्षा जवळचा धोका आहे. लक्ष्य किलोमागे १ ते १.२, म्हणजे ४८ ते ५८ ग्रॅम. दिवसाची बेरीज महत्त्वाची आहेच, पण वाटणीही बघा. वय वाढलं की स्नायू प्रोटीनला आळसावून प्रतिसाद देतात, एका वेळी वीसेक ग्रॅम मिळालं तर चांगला उपयोग होतो. सकाळी चहा आणि दोन टोस्ट यात चार ग्रॅमही नसतात. तेव्हा मोजायला सुरुवात सकाळच्या न्याहारीपासून करा : दोन अंड्यांचं मऊ पोळं आणि कपभर दूध केलं तर १८ ग्रॅम होतात. अंडं नसेल तर ६० ग्रॅम मऊ पनीर कुस्करून आणि दूध, १७. दुधात दोन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, स्किम्ड दूध पावडर मिसळली की आणखी ५ वाढतात आणि चावावं काहीच लागत नाही. पावडर आधी थोड्या कोमट दुधात कालवा, एकदम गरम दुधात टाकली तर गुठळ्या होतात आणि मग आई कप तसाच ठेवतील.

फरक पडतोय का हे काट्यावर बघू नका. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून, हात छातीशी धरून, पाच वेळा उठा-बसायला किती सेकंद लागतात ते आज मोजा. शेजारी उभे राहा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पाय अशक्त आहेत असं धरतात. आकडा कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली लिहा आणि दर महिन्याला त्याच तारखेला पुन्हा मोजा.